एमरॅममधला डेटा वारंवार बिघडतोय? चुंबक शोधण्याआधी हे तपासा

एमरॅम म्हणजे वीज गेल्यावरही डेटा टिकवणारी चुंबकीय मेमरी चिप. ती असलेला बोर्ड टेबलावर आठवडाभर नीट चालतो. साइटवर गेला की काही दिवसांनी सेटिंग उडतात, काउंटर मागे जातो, नाहीतर लॉगमधल्या मधल्याच दोन-चार नोंदी गायब होतात. चिप बदलली की काही दिवस शांतता, मग पुन्हा तेच. 'चुंबकीय मेमरी आहे, शेजारी मोटर आहे, म्हणजे मोटरनेच पुसलं' हा निष्कर्ष सगळ्यांच्या तोंडावर तयार असतो, आणि तो क्वचितच खरा निघतो. बहुतेक वेळा गडबड लाइट जातानाच्या किंवा येतानाच्या काही मिलिसेकंदांत होते, आणि ती चिप नव्हे तर आजूबाजूचं सर्किट आणि फर्मवेअर (मायक्रोकंट्रोलरमधला प्रोग्राम) करतं.

खालचे आकडे एव्हरस्पिनच्या एमआर२५एच४० या चिपचे आहेत: ४ मेगाबिट म्हणजे ५१२ किलोबाइट, एसपीआय (चार तारांची सीरियल बस), ४० मेगाहर्ट्झपर्यंत, पुरवठा ३.० ते ३.६ व्होल्ट. ही टॉगल जातीची एमरॅम (ती लिहिते कशी ते चुंबकाच्या भागात). फ्रीस्केलने २००६ मध्ये ४ मेगाबिटची अशी पहिली चिप विक्रीला आणली आणि २००८ मध्ये त्यातूनच एव्हरस्पिन वेगळी झाली. एमआर२५एच२५६ आणि एमआर२५एच१० ही धाकटी भावंडं. फरक जिथे नडतो तिथे सांगितला आहे.

आधी डंप, मग बाकी सगळं

बिघडलेला बोर्ड हातात आला की सवयीने पहिलं काम होतं ते फर्मवेअर पुन्हा टाकण्याचं. पुरावा तिथेच नष्ट होतो, कारण नवं फर्मवेअर पहिल्याच बूटला डिफॉल्ट लिहून मोकळं होतं. त्याऐवजी मायक्रोकंट्रोलर रीसेटमध्ये दाबून ठेवा आणि बाहेरच्या एसपीआय रीडरने अख्खी चिप वाचून फाइलमध्ये उतरवा, हाच डंप. चिपच्या डीएफएन पॅकेजला बाहेर आलेले पाय नसतात, त्यामुळे पायवाल्या एसओआयसी पॅकेजची क्लिप बसत नाही. बोर्डवर टेस्ट पॉइंट असतील तर प्रश्नच नाही. नसतील तर बारीक एनॅमल वायर जोडावी लागते. पुढच्या बोर्डात चार सिग्नल आणि ग्राउंडचे पॉइंट काढून ठेवा, फुकट आहेत.

१ मेगाहर्ट्झने ५१२ किलोबाइट वाचायला साडेचार सेकंदही लागत नाहीत. तीनदा वाचा आणि फाइल ताडून बघा. तिन्ही वेगळ्या आल्या तर साठवलेलं बहुधा ठीक आहे, वाचण्यात गोंधळ आहे: लांब वायर, ग्राउंड कच्चा, क्लॉकला रिंगिंग (कडेला सिग्नलचं थरथरणं). क्लॉकच्या उगमापाशी २२ ते ३३ ओहम सीरिजमध्ये टाका, वेग उतरवा, पुन्हा बघा. तिन्ही सारख्या आल्या तर चुकीचं खरोखरच आत लिहिलं गेलंय. मग नुकसानीचा आकार बघायचा. १० बाइटची एक नोंद, शेवटचे दोन बाइट सीआरसीचे (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा):

आधीची नोंद: ०० ०० ३१ ७४ १२ ०८ ४५ १० ०३ ९२
लिहायची होती: ०० ०० ३१ ७५ १२ ०९ ०० १० ०५ ६१
सापडली: ०० ०० ३१ ७५ १२ ०९ ०० १० ०३ ९२

डेटा नवा, सीआरसी जुना. चुंबक असं काम करत नाही. तो ओळीने आठ बाइट बरोबर ठेवून नवव्यापाशी थांबणार नाही. हे लिहिता लिहिता वीज गेल्याचं चित्र आहे. याउलट सीआरसी अचूक, पण आतल्या सगळ्या व्हॅल्यू डिफॉल्ट, असं दिसलं तर ते तुमच्याच फर्मवेअरने लिहिलंय. आणि बिट इकडेतिकडे एकेकटे उलटलेले, पत्त्यांत काही ताळमेळ नाही, असं असेल तरच चुंबकाचा विषय काढा.

अर्धवट नोंद आणि मधलं भोक

ईईप्रॉम (वीज गेल्यावरही टिकणारी जुन्या पद्धतीची मेमरी) पूर्ण पान आधी बफरमध्ये घेतो, चिप सिलेक्ट (चिपला 'तुझ्याशी बोलतोय' सांगणारी लाइन) वर गेल्यावर मग ५ मिलिसेकंद घेऊन लिहितो. एमरॅममध्ये पान नाही, बफर नाही, थांबणं नाही. बसवरून बाइट आला की तो आत गेला. वेगाच्या दृष्टीने हे उत्तम. पण नोंदीच्या मधोमध वीज गेली तर अर्धी नवी आणि अर्धी जुनी नोंद राहणारच. 'वीज गेल्यावर डेटाचं आपोआप संरक्षण' असं डेटाशीटमध्ये लिहिलेलं असतं ते खरं आहे, पण त्याचा अर्थ एवढाच की व्होल्टेज पातळीखाली गेलं की चिप लिहिणं थांबवते. ती बाइट सांभाळते. नोंद सांभाळणं तुमचं काम.

यातला सगळ्यात खोडसाळ प्रकार वीज पूर्ण जाण्याचा नाही, लाइट डिम होण्याचा आहे. ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या बऱ्याच मायक्रोकंट्रोलरमधला ब्राउन-आउटचा (व्होल्टेज खाली गेलं की स्वतःला रीसेट करण्याचा) सर्वात वरचा वापरता येण्याजोगा टप्पा २.७ ते २.९ व्होल्टच्या आसपास असतो. एमरॅमला मात्र किमान ३.० हवेत. म्हणजे मधल्या पट्ट्यात मायक्रोकंट्रोलर मजेत चालतोय, नोंदी पाठवतोय, आणि चिप त्या घेईल याची काही हमी नाही. एसपीआयमध्ये पोच मिळत नाही, त्यामुळे मायक्रोकंट्रोलरला वाटतं की लिहून झालं. शेजारची मोटर सुरू झाली, पुरवठा २.८५ पर्यंत बसला आणि परत वर आला. रीसेट झालाच नाही, पण लॉगमध्ये तीन नोंदींचं भोक पडलं. शिवाय पुरवठा ३.० च्या वर आल्यावर चिपला ४०० मायक्रोसेकंद द्यावे लागतात, आणि रीसेटच न झालेल्या मायक्रोकंट्रोलरला ते कोण सांगणार?

उपाय असे, याच क्रमाने.

बाहेरचा रीसेट सुपरवायझर लावा, म्हणजे पुरवठा ठरलेल्या टप्प्याखाली गेला की मायक्रोकंट्रोलरला रीसेटमध्ये धरणारी छोटी चिप. मॅक्स८०९ घेत असाल तर 'टी' अक्षराचा घ्या, त्याचा टप्पा ३.०८ व्होल्ट. 'एस' २.९३ चा आणि 'आर' २.६३ चा, दोन्ही इथे कामाचे नाहीत, आणि दुकानात नेमके तेच हाताला लागतात. ३.०८ हा ३.३ च्या बराच जवळ आहे, म्हणून रेग्युलेटर ढिला असेल तर उगाच रीसेट होत राहतील. दोघांचे टॉलरन्स एकमेकांना भिडत नाहीत ना, ते आधी कागदावर बघा. एमआर२५एच१० आणि एमआर२५एच२५६ या २.७ व्होल्टपर्यंत चालतात, तिथे 'एस' पुरतो. ४ मेगाबिटवर जाताना नेमकी हीच गोष्ट विसरली जाते: बोर्ड तोच, पिनआउट तोच, फक्त मेमरी मोठी केली, आणि डिममधले घोळ सुरू झाले.

वीज जाण्याची चाहूल रेग्युलेटरच्या आधीच्या बाजूला घ्या. ५ व्होल्टची लाइन ४.५ ला आली की इंटरप्ट, आणि त्यात शेवटची नोंद. वरची १० बाइटची नोंद, १ बाइट राइट-एनेबल, १ कमांड आणि ३ पत्त्याचे मिळून १५ बाइट, म्हणजे १२० बिट. १० मेगाहर्ट्झवर १२ मायक्रोसेकंद. सॉफ्टवेअरचा पसारा धरून १ मिलिसेकंद राखून ठेवा. बोर्ड ६० मिलिअँपिअर खात असेल आणि ४.५ वरून ३.५ पर्यंत घसरायला १ व्होल्ट हाताशी असेल, तर ०.०६ गुणिले ०.००१ भागिले १, म्हणजे ६० मायक्रोफॅरड. १०० चा लावला आणि तो २० टक्के कमी भरला तरी भागतं. ईईप्रॉमच्या ५ मिलिसेकंदांसाठी हाच हिशोब ३०० वर गेला असता. त्या इंटरप्टमध्ये आधी रिले आणि एलईडी बंद करा, मग लिहा. उलट क्रमाने केलं तर ६० मिलिअँपिअर हा आकडाच खोटा ठरतो.

नोंदीच्या दोन जागा ठेवा आणि आळीपाळीने लिहा. प्रत्येक नोंदीत चढता क्रमांक आणि शेवटी सीआरसी. बूटला दोन्ही वाचा आणि सीआरसी जुळणाऱ्यांपैकी मोठ्या क्रमांकाची घ्या. सीआरसीची सुरुवातीची व्हॅल्यू शून्य ठेवू नका: सगळी शून्यं असलेल्या नोंदीचा सीआरसी मग शून्यच येतो आणि कोरी जागा 'वैध' ठरते. १६ बिटच्या सीआरसीला सुरुवात एफएफएफएफ ठेवली की हा खड्डा बुजतो.

चिप सिलेक्टला १० किलोओहमचा पुल-अप (लाइन वर धरून ठेवणारा रेझिस्टर) द्या, आणि तो एमरॅमच्याच पुरवठ्याला. रीसेटमध्ये मायक्रोकंट्रोलरच्या पिना तरंगतात. त्याच बसवर एसडी कार्ड असेल तर बूटलोडर त्याला जागं करायला क्लॉक सोडतो, आणि तरंगणारा चिप सिलेक्ट ते सगळं एमरॅमला ऐकवतो. राइट-प्रोटेक्ट आणि होल्ड या पिनाही वाऱ्यावर सोडू नका. लिहिण्याआधी दर वेळी हेक्स ०६ (लिहायची परवानगी) आणि लिहून झालं की हेक्स ०४ (परवानगी बंद) पाठवा. दार उघडं ठेवून झोपायचं नाही.

जागीच न झालेली चिप

बॅटरीवरच्या बोर्डांत हा दोष हमखास सापडतो, आणि शोधायला सर्वात जास्त वेळ खातो. फर्मवेअर वीज वाचवायला एमरॅमला हेक्स बी९ पाठवून झोपवतं. तेवढ्यात वॉचडॉग (फर्मवेअर अडकलं की रीसेट देणारा टायमर) रीसेट देतो. मायक्रोकंट्रोलर नव्याने सुरू होतो, पण एमरॅमचा पुरवठा गेलेलाच नाही, ती झोपलेलीच आहे. बूट कोड सेटिंग वाचायला जातो, समोरून अर्थ नसलेले बाइट येतात, सीआरसी जुळत नाही. मग तो ठरवतो की हा कोरा बोर्ड आहे, सगळी इनिशिअलायझेशन करतो, त्यात एमरॅमला जागं करण्याची कमांडही येते, आणि चांगल्या सेटिंगवर डिफॉल्ट लिहून टाकतो. डंपमध्ये सगळं स्वच्छ दिसतं, सीआरसीसुद्धा बरोबर.

प्रत्येक बूटला, कारण काहीही असो, हेक्स एबी पाठवा आणि ४०० मायक्रोसेकंद थांबा. चिप जागी असेल तर काही बिघडत नाही. आणि एका फसलेल्या वाचनावर डिफॉल्ट लिहायचंच नाही. तीनदा वाचा, दोन्ही जागा वाचा, तरी जुळलं नाही तर डिफॉल्ट फक्त रॅममध्ये घ्या आणि दोषाचा दिवा लावा. मेमरीत लिहिण्याचा हुकूम माणसाने बटण दाबून द्यावा. हा नियम पाळला असता तर 'एमरॅम पुसली' म्हणून परत आलेले निम्मे बोर्ड परत आलेच नसते, असं आमचं ठाम मत आहे.

पत्त्याचे घोळ

एमआर२५एच२५६ ला पत्ता २ बाइटचा, एमआर२५एच१० आणि एमआर२५एच४० ला ३ बाइटचा. जुना ड्रायव्हर तसाच ठेवून मोठी चिप लावली की काय होतं ते बघा. ड्रायव्हरला ००१० या पत्त्यावर १२ ३४ ५६ ७८ लिहायचंय. चिपला दिसतं: पत्ता ०० १० १२, डेटा ३४ ५६ ७८. पहिला बाइट पत्त्यात गडप झाला आणि उरलेला डेटा ००१०१२ वर गेला. वाचताना ड्रायव्हर तिसरा बाइट बहुधा शून्य पाठवतो, म्हणून चिप ००१००० वरून वाचते. लिहिलेल्या पहिल्या बाइटवर जागा ठरते, म्हणून काही व्हॅल्यू 'टिकतात', काही टिकत नाहीत. हे बघून माणूस चुंबकाकडेच वळणार, दुसरं काय?

ईईप्रॉमच्या लायब्ररी स्टेटस रजिस्टरच्या शून्याव्या बिटमध्ये 'काम चालू' शोधतात. इथे तसा बिट नाही, तो लूप काढून टाका. लॉग शेवटच्या पत्त्यापर्यंत, म्हणजे ७एफएफएफएफ पर्यंत भरला आणि लिहिणं तसंच चालू राहिलं तर पत्ता गुंडाळून शून्यावर येतो, आणि शून्यावर बहुतेकांचं हेडर असतं. फक्त वरचा पाव किंवा अर्धा भाग लिहून घेत नसेल तर हेक्स ०५ ने स्टेटस वाचा; ब्लॉक प्रोटेक्टचे बिट वीज गेल्यावरही टिकतात, दुसऱ्या बोर्डावरून काढलेली चिप ते सोबत घेऊन येते.

आता चुंबक

प्रत्येक बिटमध्ये अतिपातळ इन्सुलेटरच्या दोन बाजूंना चुंबकीय थर असतात. दोघांची दिशा एक असेल तर विद्युतरोध कमी, उलट असेल तर जास्त. वाचायचं ते एवढंच. टॉगल जातीत लिहिताना एकमेकींना छेदणाऱ्या दोन तारांतून ठराविक क्रमाने करंटचे पल्स सोडतात आणि त्यांच्या क्षेत्राने मोकळा थर फिरतो. चिप आधी जुना बिट वाचते आणि बदलायचा असेल तरच फिरवते. बाहेरचं क्षेत्र या पल्सच्या क्षेत्रात मिसळतं आणि थर फिरता फिरता राहतो किंवा भलतीकडे जातो. म्हणून नुसत्या पडून असलेल्या डेटापेक्षा लिहिण्याचा क्षण नाजूक.

एमआर२५एच४० ची मर्यादा लिहिताना आणि वाचताना दोन्ही वेळी १२,००० अँपिअर प्रति मीटर, म्हणजे सुमारे १५ मिलिटेस्ला. जुन्या समांतर बसच्या एमआर२ए१६ए च्या साध्या ग्रेडला लिहिताना ती २,००० होती, म्हणजे फक्त २.५ मिलिटेस्ला. चुंबकाबद्दलचे बरेचसे भीतीदायक किस्से तिथून आलेत.

१० मिमी व्यासाची, ३ मिमी जाडीची निओडिमियम चकती धरू, तिच्या मटेरियलची शेष चुंबकप्रवाह-घनता १.३ टेस्ला. अक्षावर १० मिमी अंतरावर तिचं क्षेत्र सुमारे २५ मिलिटेस्ला भरतं, १२.५ मिमीवर १५, २० मिमीवर साडेचार, २५ मिमीवर २.५. म्हणजे आजची चिप दीड सेंटिमीटरवर सुरक्षित, जुनी अडीचवरही काठावर. झाकण बंद करायला लावलेला चुंबक, बझर, बोर्ड पकडायचा चुंबकी स्टँड, टोक चुंबकित झालेला स्क्रूड्रायव्हर या खऱ्या संशयित वस्तू. वीजमीटरसारख्या वस्तूत तर कोणीतरी मुद्दाम चुंबक लावणार हे धरूनच चालायचं, म्हणून चिप पेटीच्या भिंतींपासून शक्य तितकी आत ठेवा.

मोटरची केबल? सरळ तारेभोवतीचं क्षेत्र म्हणजे करंट भागिले २ पाय गुणिले अंतर. १०० अँपिअर, १ सेंटिमीटर: १,५९० अँपिअर प्रति मीटर. १२,००० च्या आसपासही नाही. ती केबल डेटा बिघडवते ती चुंबकाने नाही, पुरवठा खाली ओढून.

मोजायचं तर एसएस४९ई हा स्वस्त लिनिअर हॉल सेन्सर घ्या. ५ व्होल्टवर शांत असताना २.५ व्होल्ट, मग दर मिलिटेस्लाला साधारण १४ मिलिव्होल्ट. चिपच्या जागी धरून तिन्ही दिशांना फिरवा. २१० मिलिव्होल्टचा फरक म्हणजे मर्यादेवर आलात. फोनमधल्या अॅपचा उपयोग नाही, तिथला सेन्सर बहुधा ५ मिलिटेस्लाच्या आतच भरून जातो. क्षेत्र जास्त निघालं तर आधी अंतर वाढवा. १० मिमीचे २० केले की वरच्या चकतीचं क्षेत्र पाचपटीहून जास्त उतरतं; म्यु-मेटलचं कवच ही त्यानंतरची, खर्चिक गोष्ट. क्षेत्र हटवून हेक्स ५५ आणि एए चे (एकाआड एक बिटांचे) पॅटर्न पूर्ण चिपवर लिहा आणि वाचा. बरोबर आले तर चिप फेकू नका.

समांतर बस आणि नव्या चिप

एमआर२ए१६ए ला सुरुवातीचा वेळ ४०० मायक्रोसेकंद नव्हे, २ मिलिसेकंद. त्या काळात चिप-एनेबल आणि राइट-एनेबल दोन्ही पुरवठ्यासोबत वर राहायला हवेत. कॉर्टेक्स-एम७ वर ही चिप मेमरी-मॅप केली असेल तर डेटा कॅश बघा: लिहिलेलं ३२ बाइटच्या कॅश लाइनमध्येच बसून राहतं आणि विजेसोबत जातं. एमपीयूमध्ये (मायक्रोकंट्रोलरमधलं मेमरीचे भाग कसे वापरायचे ते ठरवणारं युनिट) तो भाग कॅशविना ठेवा.

स्पिन-टॉर्क जातीच्या नव्या चिपमध्ये करंट थेट जंक्शनमधून जातो, त्यामुळे वरचे चुंबकाचे आणि वेळेचे आकडे तिथे लावू नका. आणि सोल्डरिंगच्या भट्टीआधी भरलेला डेटा भट्टीनंतर टिकेल असं डेटाशीटमध्ये स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर भट्टीनंतरच भरा.

दुरुस्ती झाली का, हे कसं कळेल

एका रिलेने पुरवठा तोडत राहायचं, दोन तोडण्यांमधला वेळ यादृच्छिक, ०.५ ते ५ सेकंद. बोर्डने सतत चढता क्रमांक लिहायचा आणि प्रत्येक क्रमांक वाचून पडताळल्यावरच सीरियलवर छापायचा. पीसीवरचा शेवटचा छापलेला क्रमांक आणि पुढच्या बूटला सापडलेला क्रमांक ताडायचे. सापडलेला एकाने पुढे असेल तर चालेल, मागे असेल तर दोष तसाच आहे. रात्रभर लावून ठेवा. रिले अॅडॅप्टरच्या २३० व्होल्टच्या बाजूला लावा, ३.३ व्होल्टच्या लाइनवर नाही. तिथे तोडलं तर व्होल्टेज झटक्यात पडतं आणि ३.० च्या आसपासचा तो रेंगाळणारा उतार, ज्यात सगळा घोळ होतो, चाचणीत येतच नाही.